समुद्रापलीकडचा गुणतक्ता : बेटावरच्या छोट्या फुटबॉल क्लबचा हंगाम कसा पाहावा

इंग्लंडच्या नैऋत्य टोकापलीकडे समुद्रात सिली नावाची बेटे आहेत. तिथल्या फुटबॉल लीगमध्ये वूलपॅक वाँडरर्स आणि गॅरिसन गनर्स असे दोनच क्लब आहेत आणि ते हंगामभर एकमेकांशीच खेळतात. जगातली सर्वांत लहान लीग म्हणून तिचा उल्लेख नेहमी कौतुकाने होतो. पण त्या कौतुकाच्या मागे बेटावरच्या प्रत्येक खेळाडूला भेडसावणारी अडचण उभी असते. माणसे मोजकी, मैदाने मोजकी आणि प्रतिस्पर्धी तेच ते. आपण खरोखर किती पाण्यात आहोत हे पाहायचे असेल, तर समुद्र ओलांडण्यावाचून गत्यंतर नसते. जो क्लब हे धाडस करतो, त्याचा हंगाम मुख्य भूमीवरच्या क्लबच्या हंगामासारखा वाचता येत नाही. प्रीमियर लीग किंवा आयएसएल नेमाने पाहणाऱ्या मराठी वाचकाला असा एखादा छोटा क्लब निवडून त्याचा ऑगस्टपासून मेपर्यंतचा पूर्ण हंगाम समजून पाहायचा असेल, तर कशाकशाकडे लक्ष द्यावे हे इथे सांगायचे आहे. मुख्य उदाहरण म्हणून गर्न्सी बेटावरचा गर्न्सी एफसी हा क्लब घेतला आहे, कारण अशा क्लबच्या वाट्याला येणारे जवळजवळ सगळे प्रसंग त्याच्या अवघ्या पहिल्या दोन हंगामांत येऊन गेले.

आधी नकाशा काढावा

बहुतेक जण नवा क्लब निवडला की पहिल्यांदा गुणतक्ता उघडतात. बेटावरच्या क्लबच्या बाबतीत आधी नकाशा उघडावा. गर्न्सी हे इंग्लिश खाडीतले बेट इंग्लंडपेक्षा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्याला जवळ आहे. त्याचे क्षेत्रफळ साधारण ६५ चौरस किलोमीटर, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबई शहराहून किंचित कमी. आणि एवढ्या जागेत वस्ती फक्त सुमारे ६४ हजारांची. बेट ब्रिटिश राजसत्तेच्या अखत्यारीत असले, तरी ते युनायटेड किंगडमचा भाग नाही. त्याची फुटबॉल संघटना फिफाची सदस्य नसून इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनशी एखाद्या काउंटीच्या संघटनेसारखी संलग्न आहे. या एका तपशिलातून पुढच्या कितीतरी गोष्टी निघतात. गर्न्सीला विश्वचषकाची पात्रता फेरी नाही आणि युरोपातली राष्ट्रीय स्पर्धाही नाही. मात्र इंग्लंडच्या क्लब-रचनेत प्रवेश मागण्याचा हक्क आहे. शेजारच्या जर्सी बेटाने स्वतंत्रपणे युएफाचे सदस्यत्व मागून पाहिले होते आणि २०१८ मध्ये ती मागणी फेटाळली गेली. त्याच वर्षी तिथे जर्सी बुल्स हा क्लब उभा राहिला, हे ध्यानात घेतले म्हणजे बेटांसाठी क्लब हा राष्ट्रीय संघाच्या जागी उभा राहणारा मार्ग कसा होतो ते कळते.

गर्न्सीच्या निवडक संघाने २०१० मध्ये इंग्लंडमधील नॅशनल लीग सिस्टिम कप जिंकला आणि त्यानंतर २०११ मध्ये गर्न्सी एफसीची स्थापना झाली. क्लबला प्रवेश मिळाला तो कम्बाइन्ड काउंटीज लीगमध्ये. या लीगचे बहुतेक क्लब सरी परगणा, लंडनचा पश्चिम भाग आणि त्याच्या आसपासचे. भूगोलाच्या दृष्टीने गर्न्सीला ही लीग जवळची मुळीच नव्हती, पण बेटावरून गॅटविक विमानतळाला थेट विमान जाते आणि गॅटविकहून ही मैदाने बसने गाठता येतात. बेटावरच्या क्लबचे अंतर किलोमीटरमध्ये मोजायचे नसते, विमानतळापासून पुढे किती तास लागतात यात मोजायचे असते. म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वी एका कागदावर बेट, मुख्य भूमीवरचा विमानतळ आणि सगळ्या प्रतिस्पर्ध्यांची गावे खुणा करून मांडावीत. विमानतळापासून लांबची गावे वेगळ्या शाईने दाखवावीत. डिसेंबरात एखादा निकाल अनपेक्षित लागला, तर या कागदाकडे पुन्हा एकदा पाहावे.

शिडीच्या पायऱ्या मोजताना होणारी चूक

इंग्लंडची रचना शिडीसारखी आहे, आणि तिचे दोन वेगवेगळे मोजमाप प्रचारात असल्यामुळे नवा वाचक हमखास गोंधळतो. पहिल्या पद्धतीत प्रीमियर लीग हा पहिला स्तर धरून खाली मोजत जातात. दुसऱ्या पद्धतीत वरचे चार व्यावसायिक स्तर सोडून पाचव्या स्तरापासून, म्हणजे नॅशनल लीगपासून, ‘पायरी एक’ अशी मोजणी सुरू होते. त्यामुळे आठवा स्तर आणि चौथी पायरी ही एकाच जागेची दोन नावे होत. गर्न्सी एफसीने २०११-१२ मध्ये सुरुवात केली ती दहाव्या स्तरावर, म्हणजे सहाव्या पायरीवर. पहिल्याच हंगामात त्याने तो विभाग जिंकला. पुढच्या हंगामात नवव्या स्तरावर दुसरा क्रमांक मिळवून तो इस्थमियन लीगच्या दक्षिण विभागात, आठव्या स्तरावर गेला. बातमीत ‘लेव्हल’ लिहिले आहे की ‘स्टेप’, हे पाहिल्याशिवाय वहीत आकडा लिहू नये.

ही मोजणी नुसती शोभेची नाही. क्लबला कोणत्या राष्ट्रीय कपात खेळता येईल, हे पायरीवरच ठरते. पाचव्या आणि सहाव्या पायरीवरच्या क्लबांसाठी एफए वाझ ही स्पर्धा आहे, तर पहिल्या चार पायऱ्यांवरच्या क्लबांसाठी एफए ट्रॉफी. म्हणजे बढती मिळाली की क्लबची राष्ट्रीय स्पर्धा बदलते, आणि जिथे तो अंतिम फेरीची स्वप्ने पाहत होता ते दार त्याच्यासाठी बंद होऊन अधिक बलाढ्य संघांचे दुसरे दार उघडते. बढतीचा आनंद साजरा करताना क्लबच्या पाठीराख्यांना ही हळहळही जाणवते, आणि ती अगदी खरी असते.

वही कशी मांडावी

बेटावरच्या क्लबचा हंगाम समजून घेण्याचे खरे साधन म्हणजे साधी वही. संगणकावरचा तक्ता चालेल, पण मी स्वतः कागदाचीच वही ठेवतो, कारण पुढे ढकललेल्या सामन्यावर मारलेली रेघ आणि शेजारी लिहिलेली नवी तारीख पानावर दिसत राहते. संगणकात जुनी तारीख पुसली जाते आणि तिच्याबरोबर हंगामाची निम्मी गोष्टही पुसली जाते.

प्रत्येक सामन्यासाठी मूळ तारीख, वार, घरचा की परक्या मैदानावरचा, निकाल आणि उतरलेले खेळाडू कोण हे तर लिहावेच. त्याशिवाय दोन नोंदी न चुकता कराव्यात. सामना ठरल्या दिवशी झाला नाही तर का झाला नाही, ही पहिली. मैदानात पाणी साचले होते, धुक्यामुळे विमान उडाले नाही, प्रतिस्पर्ध्याचा कपाचा सामना त्याच दिवशी आला, की आपल्याच संघाचा कपाचा सामना आला, यांतले नेमके कारण लिहावे. दुसरी नोंद नव्या तारखेच्या वाराची. शनिवारचा सामना पुढच्या मंगळवारी गेला, तर मुंबई-पुण्याच्या वाचकाला तो किरकोळ बदल वाटेल. पण गर्न्सीचे खेळाडू हौशी आहेत. कोणी शिक्षक, कोणी कारागीर, कोणी बँकेत नोकरीला. शनिवारी ते सकाळच्या विमानाने निघून, सामना खेळून, रात्री घरी परतू शकतात. मंगळवारी संध्याकाळी परक्या मैदानावर सामना असेल तर रात्री परतीचे विमान नसते, त्यामुळे कामाचे दोन दिवस बुडतात. उलट मंगळवारचा सामना बेटावर असेल, तर हीच अडचण पाहुण्या संघाची होते. आपल्याकडे पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद झाली की अलिबागच्या माणसाचा मुंबईचा दिवस कसा लांबतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता गुणतक्त्याकडे येऊ. बेटावरच्या क्लबचे सामने हिवाळ्यात मागे पडत जातात, त्यामुळे जानेवारीतला त्याचा क्रमांक जवळजवळ नेहमीच फसवा असतो. समजा, २२ संघांच्या विभागात प्रत्येकाला ४२ सामने खेळायचे आहेत. जानेवारीअखेर बेटावरच्या क्लबने २० सामन्यांत ३८ गुण मिळवले आहेत आणि तक्त्यात वर असलेल्या प्रतिस्पर्ध्याने २५ सामन्यांत ४५. नुसते गुण पाहिले तर बेटावरचा क्लब सात गुणांनी मागे दिसतो. अशा वेळी मिळवलेल्या गुणांऐवजी गमावलेले गुण मोजावेत. बेटाच्या क्लबने शक्य असलेल्या ६० पैकी २२ गुण गमावले, प्रतिस्पर्ध्याने ७५ पैकी ३० गमावले. सामन्यामागे सरासरी काढली तरी पहिल्याची १.९ आणि दुसऱ्याची १.८ येते. खरा आघाडीवर कोण, हे आता स्पष्ट होते.

पण हिशोब इथेच थांबवला तर दुसरी चूक होते, आणि ही चूक अनुभवी प्रेक्षकही करतात. हाती शिल्लक असलेले सामने म्हणजे बँकेत ठेवलेले पैसे, असे समजून ते आधीच जमेला धरले जातात. बेटाच्या क्लबचे शिल्लक सामने कोणत्या दिवशी येणार, हे पाहायला हवे. फेब्रुवारी ते एप्रिलअखेर साधारण १२ शनिवार उरले असतील, तर वरच्या उदाहरणातल्या प्रतिस्पर्ध्याला उरलेल्या १७ पैकी पाचच सामने आठवड्याच्या मधल्या वारी खेळावे लागतील. बेटाच्या क्लबला २२ पैकी दहा. त्या दहांपैकी किती परक्या मैदानावर आहेत, हे वहीत पाहून प्रत्येकासमोर खूण करावी. माझ्या मते अशा सामन्यातून सरासरीइतक्या गुणांची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. नोकरीतून सुट्टी न मिळालेले तीन-चार खेळाडू हमखास गैरहजर असतात आणि उरलेले शनिवारच्या सामन्याने थकलेले असतात. म्हणून वहीत तीन आकडे शेजारी शेजारी ठेवावेत : मिळवलेले गुण, गमावलेले गुण आणि मधल्या वारी उरलेले परके सामने. हे तीन आकडे एकत्र पाहिल्याशिवाय बेटाच्या क्लबचे स्थान सांगू नये.

कपातला विजय लीगला कसा महागात पडतो

याचे सर्वांत बोलके उदाहरण गर्न्सी एफसीचा २०१२-१३ चा हंगाम. क्लब त्या वर्षी एफए वाझमध्ये एकामागून एक फेरी जिंकत उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. उपांत्य फेरी घरच्या आणि परक्या मैदानावर अशी दोन टप्प्यांत होती. प्रतिस्पर्धी होता इंग्लंडच्या ईशान्येकडचा स्पेनीमूर टाउन. फूट्स लेन मैदानावरच्या सामन्याला चार हजारांहून अधिक प्रेक्षक आले. बेटाची लोकसंख्या ध्यानात घेतली, तर लहानथोर, आजारी-म्हातारे सगळे धरून दर पंधरा-सोळा माणसांमागे एक माणूस त्या दुपारी मैदानावर होता. गर्न्सीचा संघ हरला. स्पेनीमूर पुढे वेम्बलीवर टनब्रिज वेल्सला हरवून विजेता ठरला.

आता या यशाची दुसरी बाजू पाहावी. कपाच्या फेऱ्या शनिवारी होतात, आणि जिंकत राहणाऱ्या क्लबचे त्या शनिवारचे लीग सामने पुढे ढकलले जातात. त्यात त्या वर्षीच्या हिवाळ्याने भर घातली. वसंत ऋतू येईपर्यंत गर्न्सीच्या पदरी लीग सामन्यांचा असा ढीग साचला, की एका आठवड्यात तीन-तीन, चार-चार सामने खेळण्याची वेळ आली. खेळाडू पुरेनात. अशा वेळी एप्रिल २०१३ मध्ये मॅट ल टिसिये या गर्न्सीच्या सुपुत्राची क्लबने खेळाडू म्हणून नोंदणी केली. साउदॅम्प्टनमध्ये सारी व्यावसायिक कारकीर्द घालवलेला आणि इंग्लंडकडून आठ सामने खेळलेला हा खेळाडू तेव्हा ४४ वर्षांचा होता आणि त्याला निवृत्त होऊन दशक उलटून गेले होते. तो बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरला. वर्तमानपत्रांनी ही बातमी गमतीची म्हणून छापली असली, तरी माझ्या लेखी ती त्या हंगामातली सर्वांत गंभीर नोंद आहे; क्लबची दमछाक किती झाली होती, हे तिच्याइतके कोणत्याही आकड्याने सांगितलेले नाही. एवढ्या ओढाताणीतही संघ दुसऱ्या क्रमांकावर राहिला आणि त्याला बढती मिळाली.

म्हणून कपातल्या प्रत्येक विजयानंतर वहीत लगेच दुसरी नोंद करावी : या विजयामुळे लीगचा कोणता सामना हलणार आहे आणि तो कुठे बसवला जाईल. बरोबरी झाली तर काय होते हेही त्या स्पर्धेच्या नियमांत आधी पाहून ठेवावे. पूर्वी फेरसामना खेळावा लागे आणि समुद्र आणखी एकदा ओलांडावा लागे. वाझ आणि ट्रॉफीत अलीकडच्या हंगामांत बरोबरीनंतर थेट पेनल्टी घेतल्या जातात, आणि बेटांवरच्या क्लबांना या बदलाने मोठा दिलासा दिला आहे.

फ्रान्सची पद्धत वेगळी आहे आणि तुलनेसाठी ती माहीत असलेली बरी. हिंदी महासागरातल्या रेयुनियन या फ्रेंच बेटावरचे क्लब आपल्या बेटाच्या प्रादेशिक लीगमध्येच खेळतात, दर पंधरवड्याला पॅरिसला जात नाहीत. राष्ट्रीय पातळीशी त्यांची गाठ पडते ती कूप द फ्रान्स या राष्ट्रीय कपात. बेटावरच्या फेऱ्या जिंकलेला क्लब सातव्या फेरीपासून मुख्य भूमीवरच्या क्लबांच्या समोर येतो. सें-पिएर शहराचा जेएस सें-पिएरवाज हा क्लब २०१९-२० मध्ये असाच पुढे सरकत गेला आणि जानेवारी २०२० मध्ये त्याने दुसऱ्या श्रेणीतल्या निओर संघाला त्याच्याच मैदानावर २-१ असे हरवून शेवटच्या ३२ संघांत स्थान मिळवले. सागरापारच्या प्रदेशांतल्या क्लबांपैकी याआधी फक्त फ्रेंच गयानातल्या कुरू गावचा गेल्दार हा क्लब, तोही १९८९ मध्ये, तिथवर पोहोचला होता. सें-पिएरवाजची वाटचाल पुढच्या फेरीत एपिनालने रोखली. १९९० च्या विश्वचषकात कॅमेरूनसाठी चार गोल करणारा रॉजे मिला त्या स्पर्धेपूर्वी सें-पिएरवाजकडूनच खेळत होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

रेयुनियनच्या क्लबची वही मांडताना दोन भाग करावेत. बेटावरची लीग मुख्य भूमीच्या ऑगस्ट-मे चक्राप्रमाणे चालत नसे, त्यामुळे जानेवारीत कपाचा सामना येई तेव्हा प्रतिस्पर्ध्याचा हंगाम ऐन भरात असे आणि बेटावरच्या संघाचा संपलेला असे. शिवाय खेळाडू दक्षिण गोलार्धातल्या भर उन्हाळ्यातून अकरा तासांच्या विमानप्रवासानंतर युरोपच्या थंडीत उतरतात. गर्न्सीच्या क्लबला प्रवास थोडा थोडा करून वर्षभर झिजवतो; रेयुनियनच्या क्लबपुढे तो एकदाच, पण सगळाच्या सगळा येऊन ठाकतो.

खर्च आणि माणसे

गर्न्सी एफसीला लीगमध्ये घेताना एक अट घालण्यात आली : पाहुण्या संघांच्या प्रवासाचा खर्च क्लबने उचलावा. नवव्या-दहाव्या स्तरावरचे इंग्लिश क्लब स्वतःच काटकसरीने चाललेले असतात, त्यामुळे एका सामन्यासाठी वीस-बावीस माणसांची विमानतिकिटे काढायला त्यांना सांगणे शक्य नव्हते. अट समजण्यासारखी आहे, पण तिचा अर्थ असा होतो की बेटाचा क्लब परक्या मैदानावरच्या सामन्यासाठी स्वतःचा प्रवास करतो आणि घरच्या सामन्यासाठी दुसऱ्याचा. दोन्हीकडून खर्च त्याचाच. क्लबच्या जाहिरातदारांत विमान कंपनीचे नाव दिसले, तर ते शोभेचे समजू नये. आणि प्रेक्षकसंख्येचा आकडा निकालाइतक्याच काळजीने वहीत लिहावा, कारण तिकिटाच्या पैशांवर पुढच्या पाहुण्यांचे विमान अवलंबून असते. या स्तरावरच्या अनेक क्लबांना शंभर-दीडशे प्रेक्षक मिळतात. बेटाच्या क्लबला त्याहून पुष्कळ अधिक मिळावे लागतात.

खेळाडूंच्या नोंदी दोन वेगळ्या याद्यांत ठेवाव्यात, एक घरच्या सामन्यांची आणि एक परक्या मैदानांची. काही नावे पहिल्या यादीत नियमित आणि दुसरीत क्वचितच दिसू लागतात. कारण फॉर्म नसतो, नोकरी असते. शिवाय बेटावर प्रिओ लीग ही स्वतःची जुनी लीग आहे आणि नॉर्दर्नर्स, सिल्व्हन्स, सेंट मार्टिन्स यांसारख्या स्थानिक क्लबांतूनच खेळाडू वर येतात. एखादा तरुण अचानक गर्न्सी एफसीच्या संघात दिसला, तर तो आधी कोणत्या स्थानिक क्लबकडून खेळत होता हे शोधावे. कोल्हापुरात तालमीच्या नावाने खेळाडू ओळखला जातो, तशी तिथेही ही ओळख महत्त्वाची असते. रॉस अ‍ॅलन या आघाडीच्या खेळाडूने क्लबसाठी २०० हून अधिक गोल केले आणि टोनी व्हान्स यांनी स्थापनेपासून दीर्घ काळ संघ सांभाळला. हौशी क्लबात असे सातत्य दुर्मीळ असते, आणि ज्या हंगामात अशी जुनी माणसे बाजूला होतात तो हंगाम निकालांपलीकडे जाऊन पाहावा लागतो.

भारतातून सामन्याचा दिवस

गर्न्सीचे घड्याळ इंग्लंडबरोबर चालते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत दुपारी तीनचा सामना आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू होतो, उरलेल्या महिन्यांत साडेआठला. मधल्या वारचा पावणेआठचा सामना मात्र उन्हाळी वेळेत आपल्या मध्यरात्रीनंतर सव्वाबाराला आणि हिवाळ्यात सव्वाएकला सुरू होतो, म्हणजे तारीखही बदलते. वहीत तिथलीच तारीख लिहावी. शनिवारी बेटावर धुके असेल तर सकाळच्या विमानांची स्थिती आपल्याला दुपारी एक-दीडपर्यंत कळते. सामना होणार की नाही याचा अंदाज त्यावरून येतो. अधिकृत निकाल क्लबच्या आणि लीगच्या संकेतस्थळावर मिळतात. सविस्तर वृत्तांतासाठी ‘गर्न्सी प्रेस’ हे तिथले दैनिक वाचावे.

हंगाम संपताना

मे महिन्यात फुटबॉल असोसिएशन पुढील हंगामाची विभागणी जाहीर करते, आणि बेटाच्या क्लबसाठी ही बातमी एखाद्या निकालाइतकी मोठी असते. त्याच स्तरावर ठेवूनही क्लबला शेजारच्या विभागात टाकले जाऊ शकते, आणि मग नकाशाचा कागद नव्याने काढावा लागतो. कधी कधी हंगाम मैदानाबाहेरच संपतो. जर्सी बुल्सने २०१९-२० या आपल्या पहिल्याच हंगामात लीगचे सर्वच्या सर्व २७ सामने जिंकले होते. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे खेळ थांबला आणि त्या स्तरावरचे सगळे निकाल रद्द ठरवण्यात आले. गर्न्सी एफसी तर पुढच्या हंगामात प्रवासबंदीमुळे लीगमध्ये उतरूच शकला नाही. अशा हंगामाची पाने फाडून टाकू नयेत. अधिकृत नोंदीत नसलेले २७ विजय कुणाच्या तरी वहीत असले पाहिजेत.

वहीची शेवटची दोन पाने मुरातीसाठी मोकळी ठेवावीत. गर्न्सी, जर्सी आणि ऑल्डर्नी या तीन बेटांमधली ही स्पर्धा १९०५ पासून चालत आली आहे, आणि लीगमध्ये वर्षभर इंग्लंडच्या गावोगाव हिंडलेले खेळाडू तिथे आपापल्या बेटाच्या नावाने उतरतात. गर्न्सी आणि जर्सी यांच्यापैकी कोणता संघ उपांत्य सामन्यात ऑल्डर्नीशी खेळणार, हे आळीपाळीने ठरते. सुमारे दोन हजार वस्तीच्या ऑल्डर्नीने ही स्पर्धा आजवर एकदाच जिंकली आहे, १९२० साली. मुरातीच्या सामन्याचाही निकाल, गोल करणाऱ्यांची नावे आणि त्या दिवशीचे हवामान लिहून घ्यावे.